माझ्या आधी पोहोचलेल्या बाई

दिवाळीची सुट्टी संपली आणि मी अकोल्याहून अमरावतीला निघाले. कॉलेजच्या मुलींसाठी तिथे कॅम्प भागातल्या एका भाड्याच्या बंगल्यात वसतिगृह होतं. तिथल्या जुन्या बाई तब्येतीमुळे काम सोडून भावाकडे गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी मला नेमलं होतं. दिवसा कॉलेजात मराठी शिकवायचं आणि बाकी सगळा वेळ मुलींसोबत त्यांच्याच छपराखाली राहायचं, असं ते काम. नागपूरहून एम. ए. होऊन मला वर्षही झालं नव्हतं. अंगाने मी काडी, आवाज बारीक. गाडीत बसवताना वडील म्हणाले, "तिथल्या मुली तुझ्याहून थोराड दिसतील. जरा ताठ बसत जा."

बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. अमरावतीच्या छोट्या गाडीला अवकाश होता, म्हणून मी फलाटाच्या टोकाला उन्हातल्या बाकावर ट्रंक घेऊन बसले. कुंपणापलीकडच्या रस्त्याने कापसाच्या गाड्या जिनिंग कारखान्याकडे चालल्या होत्या. एकामागे एक, संथ, बैलांच्या गळ्यातल्या घंटा एका लयीत वाजत. रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस अडकला होता, त्यामुळे झाडं पांढरी फुलल्यासारखी वाटत होती. हवेतही तंतू तरंगत होते. एक माझ्या हातावर येऊन बसला. मी त्याच्याकडे बघत राहिले. थंडीच्या दिवसांतलं ते ऊन पाठीवर गोधडीसारखं पडलं होतं. डोळे कधी मिटले ते कळलं नाही.

उघडले तेव्हा फलाट रिकामा होता. हमाल म्हणाला, "बाई, अमरावतीची गाडी तं गेली. म्या दोनदा आवाज देल्ला."

पुढची गाडी संध्याकाळी होती. घाबरून जायला हवं होतं, पण झोपेचा अंमल अजून डोळ्यांवर होता. मी तशीच बसून राहिले. वाटलं, नोकरीवर रुजू व्हायला दुसरीच कोणी निघाली आहे आणि मी नुसती तिचं सामान सांभाळते आहे.

झालंही जवळजवळ तसंच. चुकलेल्या गाडीने मी अमरावतीला उतरले नाही, पण दुसरी एक बाई उतरली. काय घडलं ते मुलींनी मला मागाहून सांगितलं.

नव्या बाईंना घ्यायला स्टेशनवर चार मुली आल्या होत्या. मळ्यातून शेवंती आणून त्यांनी स्वतः हार गुंफला होता. बाई कशा दिसतात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. एकट्या येतील, बायकांच्या डब्यातून उतरतील, एवढंच कळलं होतं. आधीच्या बाई विधवा होत्या, पोक्त होत्या, म्हणजे नव्याही तशाच असणार असं त्यांनी धरून ठेवलं होतं. बायकांच्या डब्यातून एकटी उतरली ती उंच, सावळी, कपाळ मोकळं असलेली, पांढरं स्वच्छ लुगडं नेसलेली बाई. हातात पत्र्याची पेटी. फलाटावर उभी राहून तिने चहूकडे अशी नजर फिरवली की चौघींनी एकदम नमस्कार केला.

"बाई, आम्ही वसतिगृहाच्या."

"हो का? मले तिथंच याचं व्हतं," बाई म्हणाली. मुलींनी हार घातला. तिने तो घालू दिला.

ती दर्यापूरकडच्या एका खेड्यातली शेतकरीण होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी मॅट्रिकला होती आणि तिला पुढे कॉलेजात घालायचं तिच्या मनात होतं. दीर म्हणत होता, पोरगी बिघडेल. म्हणून मुलगी जिथे राहणार ती जागा आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, यासाठी ती कोणाला न विचारता निघाली होती. मुलीच्या मास्तरांनी कॉलेजला तसं कळवलं होतं, असं तिला वाटत होतं. त्यामुळे घ्यायला आलेल्या मुली, हार, टांगा, दाराशी रांगोळी आणि आंब्याच्या पानांचं तोरण, यातलं तिला काहीच जास्तीचं वाटलं नाही. शहराची रीत चांगली आहे, एवढंच तिने मनाशी म्हटलं.

बंगल्यात आल्यावर तिने सगळं पाहिलं. विहीर कुठे आहे, काठ उंच आहे का, मुली कुठे निजतात, दाराला आतून कडी आहे का. मुलींना ही तपासणीच वाटली. एकीच्या मोकळ्या केसांकडे बघून ती म्हणाली, "काहून व, तेल नाही का घरी?" ती मुलगी आत पळाली आणि वेणी घालूनच बाहेर आली.

टांग्यातून मी फाटकाशी उतरले तेव्हा दिवेलागण होत होती. युद्धाचे दिवस होते, रॉकेल जपून वापरायचं होतं. एवढ्या मोठ्या बंगल्यात एकच कंदील व्हरांड्यात लागला होता आणि बाकी सगळीकडे निळसर अंधार. दोन मुली फाटकाशी आल्या. माझी ट्रंक एकीने उचलली.

"नवीन आलीस का? कोणत्या वर्गाला?" दुसरीने विचारलं. मी काही बोलणार तेवढ्यात ती कुजबुजली, "हळू बोल. आमच्या नव्या बाई आजच आल्यात. लय कडक हायेत."

"नव्या बाई आल्यात?" मी विचारलं.

"दुपारीच. चल, हातपाय धू. पंगत बसूनच राहिली."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण स्वप्नात आपण आपल्याच घरी जातो आणि तिथे आपल्या जागी दुसरं कोणी वावरत असतं, आणि त्याचं आपल्याला फारसं नवलही वाटत नाही, तसं मला झालं. मी हातपाय धुतले. पाण्यात विहिरीचा गारवा होता. एका मुलीने स्वतःचा टॉवेल पुढे केला. दुसरीने माझ्या केसांतला कापसाचा तंतू काढला आणि म्हणाली, "बडनेऱ्याहून आली वाटते." मला फार बरं वाटलं. बाई म्हणून आले असते तर कोणी माझ्या केसांना हात लावला नसता.

पंगतीत मला शेवटी जागा मिळाली. पहिल्या पाटावर ती बसली होती. हार काढून तिने शेजारी नीट ठेवला होता. कंदिलाच्या उजेडात तिचा चेहरा शांत, थोडा दमलेला दिसत होता. मला खरोखर वाटून गेलं, वसतिगृहाच्या बाई अशाच असायला हव्यात. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, फोडणीचं वरण. शेवटी एका धीट मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही आम्हाला काय शिकवणार?"

तिचा घास हातातच राहिला. "मी? मी काय शिकवू माय? मले सई बी येत नाही. मी तं माह्या पोरीसाठी जागा पाहाले आली."

स्वयंपाकीणबाई वरणाचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली.

"मग नव्या बाई?" कोणीतरी पुटपुटलं.

"मी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. म्हणून पुन्हा म्हणाले, "मी आहे. माझी गाडी चुकली."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. टॉवेल देणारी मुलगी तोंडावर हात ठेवून बसली. पहिल्या पाटावरची बाई उठू लागली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच संकोच दिसला. हार उचलून ती माझ्याकडे यायला निघाली. "हा तुमचा हाये बाई. मले काय मालूम! पोरींनी घातला, म्या घालू देल्ला."

"बसा मावशी," मी म्हणाले. "ताटावरून उठू नका. हार तुमच्याचजवळ राहू द्या. तो गुंफताना मुलींनी मला तरी कुठं पाहिलं होतं?"

कोणीतरी हसलं. मग सगळ्याच हसू लागल्या. ती धीट मुलगी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मावशीही पाटावर बसली आणि पदराने तोंड झाकून हसली. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

"तुमी तं लेकरू हाये," ती म्हणाली. "माह्या पोरीएवढ्याच दिसता. इथं रायली तं तिले पाहीन कोण?"

मुलींनाही याचं उत्तर माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

माझ्या खोलीत मुलींनी तिचीच पेटी ठेवली होती. आम्ही दोघी तिथेच निजलो. पलंगावर तिने झोपावं असं मी म्हटलं, तिने ऐकलं नाही. खाली सतरंजी टाकून ती आडवी झाली आणि लगेच झोपली. शेवंतीचा वास खोलीभर होता.

सकाळी जाग आली तेव्हा ती खोलीत नव्हती. बाहेर आले. अंगणात धुकं उतरलं होतं, त्यात मुली अर्ध्या दिसत होत्या. एक विहिरीवर, एक तुळशीपाशी, दोघी पायरीवर पुस्तक घेऊन बसलेल्या. कोणाचे पाय दिसत नव्हते. धुक्यावरच तरंगत असाव्यात तशा त्या इकडून तिकडे जात होत्या. मावशी व्हरांड्याच्या कडेला संत्रं सोलत बसली होती. अर्धं तिने मला दिलं.

"रात्री मी बोलली थे लागलं का?"

"नाही. खरं तेच बोललात," मी म्हणाले. आणि मग, ती आई होती म्हणून असेल किंवा त्या धुक्यामुळे, मी सांगून टाकलं, "मावशी, मलाही भीती वाटते. इतक्या परक्या मुली माझ्या भरवशावर. एखादी आजारी पडली, एखादी रडत बसली, तर मी काय करणार हे मला अजून माहीत नाही."

तिने बी थुंकून टाकली.

"भेतेस?" ती म्हणाली. रात्रीचं 'तुमी' तिने केव्हा सोडलं ते माझ्या लक्षात आलं नाही. "मंग ठीक हाये. आमच्या इकडं ज्याले भेव वाटते थोच राखण नीट करते. ज्याले भेवच नाही, थो मचाणावर झोपून रायते अन् डुकरं ज्वारी खाऊन जातात."

बडनेऱ्याच्या बाकावरच्या झोपेबद्दल मी तिला काही सांगितलं नाही.

ती आणखी एक दिवस राहिली. मी कॉलेजात गेले तेव्हा मुलींच्या खोल्यांतून हिंडली, स्वयंपाकघरात आंबाडीची भाजी कशी घोटायची यावरून स्वयंपाकीणबाईशी थोडी भांडली. दुपारी मी परत आले तर व्हरांड्यात एक मुलगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजली होती. आई नसलेली मुलगी होती ती, एरवी कोणाशी फार बोलत नसे. मावशीने मला बोटाने गप्प राहण्याची खूण केली. मी पायरीवर बसले. ऊन सरकत गेलं, पलीकडच्या रस्त्यावरून घंटा वाजत गेल्या, आणि ती मुलगी उठेपर्यंत आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. मावशीचा पाय आखडला असणार. तिने तो हलवला नाही.

निघताना स्टेशनवर मुली तर आल्याच, मीही गेले. गाडीच्या खिडकीतून ती म्हणाली, "दीर काईबी म्हणो. जूनमंधी पाठवतो पोरीले. रडली तं रडू देजो, पण एकटी रडू देऊ नोको."

मुलगी जूनमध्ये आली. आईसारखीच उंच, पण बोलायला भारी चपळ. ती रडली नाही. पहिल्याच आठवड्यात विहिरीवर कोणी आधी पाणी काढायचं यावरून तिने तिघींशी भांडण काढलं आणि तिघींशीच तिची जन्माची मैत्री झाली. चार वर्षं ती माझ्याजवळ राहिली. काकांनी पहिलं वर्ष अबोला धरला. दुसऱ्या वर्षी तुरीच्या शेंगा घेऊन स्वतःच पुतणीला भेटायला आले, फाटकाबाहेरच उभे राहिले आणि पुष्कळ आग्रह केल्यावर आत येऊन पाणी प्यायले.

मावशी दर हिवाळ्यात यायची. आली की पंगतीत पहिला पाट तिचाच. असं कोणी ठरवलं नव्हतं. नव्या मुलींना ती कॉलेजातली कोणी मोठी अधिकारी वाटायची आणि जुन्या मुली त्यांचा गैरसमज मुद्दाम दूर करत नसत. मलाही ती असायची त्या दोन दिवसांत वाटायचं, आता घरात मोठं माणूस आहे, मी जरा निवांत बसावं. ती गेली की पुन्हा मी ताठ बसायची.

पुढे तिची मुलगी अकोल्याला मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. शेत दिराच्या मुलांना कसायला देऊन मावशी लेकीकडे राहायला गेली. सुट्टीत घरी गेले की मी त्यांच्याकडे जायची. मोर्णा नदीच्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढे छोटं अंगण. एकदा गेले तेव्हा मुलगी शाळेत होती आणि मावशी एकटीच अंगणात हरभऱ्याचे घाटे फोडून सोला काढत बसली होती. दृष्टी कमी झाली होती. बोटं मात्र सराईत चालत होती.

"अजून तिथंच हायेस का व?" तिने विचारलं.

"तिथंच आहे."

"पोरी कशा हायेत?"

मी एकेकीचं सांगत गेले. कोणाला ताप होता, कोण इंग्रजीत मागे पडली, कोणाचं लग्न ठरून मोडलं. तिने त्यातल्या एकीलाही पाहिलं नव्हतं, पण मधेच थांबवून विचारायची, "अन् मंग?" मीही तिच्याबरोबर सोला काढू लागले. हिरवे दाणे सुपात पडत होते, आंबटसर वास बोटांना लागत होता. ऊन भिंतीवर चढलं आणि मुलगी शाळेतून आली, तरी माझं सांगून संपलं नव्हतं.