बिनगुळाचा घेवडा

बेलापुरात आमचं स्वतःचं गुऱ्हाळ, आणि नेमका सासऱ्यांना मधुमेह निघाला. एकाहत्तरचा हिवाळा होता, माझ्या लग्नाला दोनच वर्षं झाली होती. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, सासूबाईंना आत्याबाई. ज्या घरात आमटीलाही गुळाचा खडा लागायचा, तिथे डॉक्टरांनी गूळ, साखर, भात एका दमात बंद केलं. सोबत निळ्या औषधाची बाटली आणि काचेच्या नळ्या दिल्या. नळीत ते औषध घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही, विटकरी झाला तर भरपूर. महिन्याभरात निळा दिसला नाही तर रोज सुई टोचावी लागेल, असं बजावलं होतं. बैलाने शिंग मारलं तेव्हा हूं की चूं न केलेले मामा सुईच्या नावाने पांढरेफटक पडले.

स्वयंपाक माझ्याकडे, म्हणजे जीव माझाही टांगणीला. मी घेवड्यावर भरवसा टाकला. आदल्या दिवशी भिजवलेले दाणे, लसूण, काळा मसाला गाडग्यात घालायचं, झाकण कणकेने बंद करायचं आणि गाडगं चुलीतल्या निखाऱ्यांत पुरायचं. दुपारपर्यंत दाणे बोटाने चिरडावेत इतके मऊ होत. मामा दोन घास खाऊन "पेंड हाय का ही?" म्हणत ताट सारायचे. असा राग यायचा!

दुसऱ्या आठवड्यात मात्र ते पोटभर जेवू लागले. मी खुशीत. आणि नळी निघाली विटकरी. नवरा माझ्याकडे संशयाने बघू लागला. मी शपथा घेतल्या, चिडले, मामांच्या देखत रडलेसुद्धा.

एके सकाळी गोठ्यातून आत आले तर सासूबाई चुलीपुढे बसलेल्या. कणीक उकलून गुळाचा खडा गाडग्यात सोडत होत्या.

"उपाशी उठत्यात गं," त्या पुटपुटल्या. "मला बघवत न्हाई."

कडाकडा भांडायचं मनात होतं, पण त्यांचा चेहरा बघून जमलं नाही. मी त्यांना कोनाड्यातली विटकरी नळी दाखवली. "आत्याबाई, हा तुमचा खडा." त्यांनी हातातला उरलेला गूळ डब्यात टाकून झाकण लावलं.

मग त्याच म्हणाल्या, "कांदे आन." कांदे सालीसकट निखाऱ्यात भाजले. काळी साल काढली की आतला कांदा मऊ आणि गोडसर. तो ठेचून घेवड्यात घातला, शेवटी चिंचेचा कोळ. मामांनी ताट पुसून खाल्लं.

महिना भरला. नवऱ्याने नळी दिव्यावर धरली. आत्याबाई नाकाला पदर लावून, डोळे मिटून उभ्या. उकळी आली, गेली. रंग निळा. पुन्हा पाहिलं, निळाच. मला इतकं हलकं वाटलं की मी खुळ्यासारखी हसत सुटले.

मामांनी नळी उजेडात धरली आणि आत्याबाईंना म्हणाले, "गूळ पयल्याच दिवशी कळला हुता. जल्मभर गूळ केला मी, कळणार न्हाई व्हय? पन तू घातला हुतास, म्हनून खाल्ला."

आत्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी मात्र पहिल्यांदाच मामांपुढे आवाज चढवला. "आन मी रडत हुते, तवा का न्हाई बोललात?"

मामा ओशाळले. मग पाटावर बसून म्हणाले, "चुकलं, पोरी. वाढ घेवडा."

मी वाढला.