कुंपणावर लावलेले त्रिकोण

आमची कारखान्याची वसाहत हिंदी मुलखात. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची सजावट दरवर्षी मीच रंगवायचे. त्यामुळे मंडळाच्या हॉलमध्ये माझ्या चित्रांचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा सगळ्यांना देव, खेडं, नदी असंच काही अपेक्षित असावं. मी नेले त्रिकोण, चौकोन, तिरके पट्टे. लाल, हळदीसारखे पिवळे, गर्द निळे. घरी कित्येक वर्षं मी हेच काढत होते, फक्त कुणाला दाखवलं नव्हतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी हॉलमध्ये चित्रं लावत असताना मंडळाचे सेक्रेटरी आले. भिंतीवरून नजर फिरवून म्हणाले, “वहिनी, हे लोकायले काय समजन? समोर दोन-चार गणपती लावा. हे मागच्या खोलीत राहू द्या.”

“गणपती नाही लावणार.”

“मग हॉल कसा देऊ?”

“नका देऊ.” मी स्टुलावर चढले आणि पहिलं चित्र भिंतीवरून उतरवलं.

नवरा दारात उभा होता. प्लांटमध्ये क्रेन चालवणारा माणूस, माझ्या चित्रांवर कधी बरं-वाईट बोलला नव्हता. मला वाटलं, आता समजूत घालणार. त्यानं दोन चित्रं बगलेत मारली. “चाल घरी. आपल्या क्वार्टरले कुंपण नाही का?”

सकाळी सेक्टर सहामधल्या आमच्या कुंपणाच्या जाळीला आम्ही दोघांनी चित्रं तारेनं बांधली. ड्यूटीवर जाणाऱ्या सायकली थांबू लागल्या. एकजण हसला, “भाभी, साडी सुखा रहे क्या?”

“पेंटिंग है. देखना है तो उतर के देखो.”

तो उतरला. शेजारीणही बाहेर आली. “पर ये है क्या?”

“लाल है. और ये नीला उसको आगे नहीं आने दे रहा.”

ती बराच वेळ बघत राहिली, मग सुनेला हाक मारून घेऊन आली. दिवसभर माणसं येत राहिली. काहींनी नाकं मुरडली. मुरडोत. बघितलं तर खरं.

संध्याकाळी सेक्रेटरी स्कूटरवरून आले. “बरं, एकच गणपती लावा, कोपऱ्यात. हॉल तुमचा.”

“एकही नाही.”

“इतका हट्ट कावून करून राहिल्या, वहिनी?”

“कारण ही माझी चित्रं आहेत.”

ते चहा न घेताच गेले. हॉल मला आजवर मिळालेला नाही. मी पुन्हा मागितलाही नाही. पुढच्या हिवाळ्यात चित्रं वाढली, आमची जाळी पुरेना. शेजारणीनं तिची दिली.