बाहेरून लावलेली कडी

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघितलेला मी पहिला. बी.कॉम., सेकंड क्लास, ठाण्याच्या कॉलेजातून. मिरवायला सांगत नाही... म्हणजे थोडं मिरवायला सांगतोच, पण मुद्दा वेगळा आहे. आमच्या पाड्यात कुणाला ताप आला की आधी भगताला बोलवायचे. मी त्यावरून वडीलधाऱ्यांशी भांडलेला माणूस आहे. या सदरातले अनुभव वाचतानाही मी अर्ध्याच्या वर वेळा हसतो, खोटं कशाला बोलू. तरी माझ्यापाशी एक गोष्ट आहे, जिच्यावर मला हसता येत नाही. त्यात भूत नाही, हडळ नाही. एक इंग्लिश सिनेमा आहे आणि माझा मोठा भाऊ आहे.

आमचा पाडा डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, खाडीला लागून. आम्ही कोळी. ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्याची – पलीकडे बिल्डिंगा उठायला लागलेल्या, पण आमच्या दारातून अजून होड्या दिसायच्या. वडील लवकर गेले. दादाने सातवीत शाळा सोडली, होडी घेतली आणि मला शिकवलं. माझ्या पहिल्या फुलपँटचं कापड त्यानेच आणलेलं.

असा हा दादा पुनवेला मात्र वेगळाच माणूस व्हायचा.

पुनवेला खाडीला उधाण येतं, पाण्याला ओढ असते, जाळ्यात मासळी भरपूर लागते. मासळी आली की पैसे, आणि पैसे आले की गुत्ता. इतर दिवशी दादा वहिनीला मासे साफ करून द्यायचा, तिची थट्टा करायचा. पुनवेला पिऊन आला की तिच्यावर हात उचलायचा. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर बसून रडायचा, शपथा घ्यायचा. पुढच्या पुनवेपर्यंत त्या टिकायच्या.

शेवटी वहिनी माहेरी निघून गेली, ठाण्याला. तिच्या भावांनी निरोप धाडला – रविवारी संध्याकाळी या, काय ते एकदाच मिटवू. मिटवू म्हणजे कायमचं तोडू, हे आम्हाला कळत होतं. आणि तो रविवार नेमका पुनवेचा.

दादा संध्याकाळपर्यंत शुद्धीत राहणं गरजेचं होतं. घरी ठेवला तर दुपारीच गुत्त्याकडे गेला असता. मी डोकं चालवलं. कल्याणच्या एका टॉकीजला दुपारच्या खेळाला इंग्लिश सिनेमा लागलेला. म्हटलं, तिथे तीन तास कोंडतो आणि तसाच एस.टी.ने ठाण्याला नेतो.

"इंग्लिस? मना काय कलनार त्यात?" दादा म्हणाला.

"मी सांगत जाईन ना."

"तू सांगशील. एवढा शिकवला तो पिच्चर सांगाला!"

पण आला. रिक्षात ठाकुर्ली येईपर्यंत बाहेरच बघत होता. घामाने शर्ट भिजलेला.

सिनेमा होता माणसाचा लांडगा होतो त्याचा. एका फार जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सिनेमाचा नवा अवतार. जुना मी कॉलेजच्या फिल्म क्लबात पाहिलेला. त्यात हिरोच्या तोंडावर टप्प्याटप्प्याने केस चिकटवलेले दिसायचे आणि आम्ही पोरं खिदळायचो. नव्यात खिदळायची कुणाची टाप नव्हती. आधी कानामागची कातडी हलते. मग जबडा आतून ढकलल्यासारखा पुढे सरकतो, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगतात. कसं केलं असेल, मला आजही कळत नाही. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा. ज्या कुणी तो मेकअप केला त्याच्या पाया पडावं असं काम. आणि सगळ्यात कमाल म्हणजे सगळं बदलल्यावरही डोळे माणसाचेच ठेवलेले.

दादाने माझं मनगट धरलं. "डोले बघ त्याचे. त्याला समजतंय रं सगला."

"हो."

"कदी व्हतो तो असा?"

"पुनवेला," मी म्हणालो. म्हणून गेलो आणि जीभ चावली. दादाने मनगट सोडलं नाही.

इंटरव्हलनंतरचा तो सीन आता सांगतो. नीट सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे.

दिवसाउजेडी तो माणूस, सदरा खांद्यावर फाटलेला, एका घरापाशी येतो. दारात त्याची बायको. तो काही बोलत नाही, फक्त दोन्ही हात पुढे करतो. ती त्याच्याकडे बघत राहते. मग आत जाते, मागची खोली रिकामी करायला घेते. कुऱ्हाड बाहेर आणते, कोयता आणते. पाण्याचं भांडं आणि घोंगडी आत ठेवते. तो आपल्या पायाने आत जातो. ती दार ओढते, बाहेरून कडी लावते आणि दाराला पाठ टेकून खाली बसते. त्यानंतर पडद्यावर फक्त कडी. ती हलते, थडथडते, आता निघेल असं वाटतं... आणि हळूहळू शांत होते. उजाडतं. आतून टकटक. ती काहीतरी विचारते. आतून तो आपलं नाव सांगतो. ती उघडत नाही. पुन्हा विचारते. तो पुन्हा सांगतो. तेव्हा ती कडी काढते.

कल्याणचं पब्लिक म्हणजे मारामारी थांबली की शिट्ट्या. त्या सीनला एक शिट्टी नाही. आणि मी दादाला एक शब्दही समजावून सांगितला नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

शेवटी तो लांडगा जंगलात मित्राच्या गोळीने मरतो, जुन्या सिनेमासारखाच. मला तिथे थोडं खटकलं. बायको अशी पाठीशी उभी राहिल्यावर हा परत जंगलात गेला कशाला? पण बस पकडायची होती, विचार तिथेच राहिला.

ठाण्याला वहिनीच्या माहेरी ओटीवर माणसं जमलेली. वहिनी दाराच्या आत उभी, कपाळावरच्या खोकेचा व्रण अजून लाल. तिचा थोरला भाऊ म्हणाला, "पावनं, आता शपथ नको. शपथा आमी लय ऐकल्या."

"शपथ नाय घेत," दादा म्हणाला. "पिनार नाय असा पन बोलत नाय, कोन ईस्वास ठेवल? पन पुनवेला मी उन्हं हाईत तवाच घरी येन. मागल्या खोलीत जाईन. हिना भायेरशी कडी लावाची." आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. अगदी तसेच.

ओटीवरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "आनि कडी तोरलीस तं?"

"तं मंग बंदूक आना."

कुणी हसलं नाही. आतून वहिनी पहिल्यांदा बोलली, "कडी मी लावीन. उगरायची कवा, ता पन मीच ठरवीन."

"ठरव," दादा म्हणाला.

तेव्हा मात्र सगळे हसले. वहिनी लगेच आली नाही. पुढची पुनव जवळ आल्यावर आली – बघायला, की हा माणूस बोलतो तसं करतो का.

केलं त्याने. पैसे वहिनीच्या हातात दिले, आत गेला. तिने कडी लावली आणि दाराला पाठ टेकून बसली. पहिल्या पुनवेला त्याने दारावर धडका मारल्या, तिला शिव्या दिल्या, मला हाका मारल्या – "धाकल्या, उगर! तुना शिकवला त्याची आन हाय!" मी कानावर उशी दाबून पडलो. वहिनी हलली नाही. सकाळी आतून टकटक झाली. तिने विचारलं, "कोन?" दादाने नाव सांगितलं. तिने पुन्हा विचारलं.

मी हे बघितलंय आणि अजून सांगताना माझ्या अंगावर काटा येतो, कारण सिनेमातलं मी तिला काही सांगितलं नव्हतं, आणि दादानेही तोवर नाही.

हळूहळू धडका थांबल्या. दादा आत जाळं घेऊन जायला लागला, विणत बसायचा. मग पिणंच सुटलं, पण कडी सुटली नाही. पुतणे मोठे झाले तरी त्यांना पुनव म्हणजे बाबाचं जाळं विणणं, एवढंच माहीत. मी आजवर पुष्कळ मोठी माणसं पाहिली, साहेब लोकांत वावरलो. त्या दोघांएवढं मोठं काम कुणाला करताना पाहिलं नाही.

आता पुढचं. नव्वदनंतर मी डोंबिवलीत फ्लॅट घेतला, व्हीसीआर आणला. एकदा वहिनी म्हणाली, "भावजी, तुमी त्यो पिच्चर बगितला ना दोगांनी... तुमचा भाऊ सांगतं, त्यात एक बाय कडी लावतं. मना ती बाय बघाची हाय."

मला केवढा आनंद झाला! लायब्ररीतून कॅसेट आणली आणि आदल्या दिवशी सहज पाहून घेतली.

तो सीन त्यात नव्हता.

कट केला असेल म्हणून दुसऱ्या लायब्ररीची आणली. नव्हता. नीट पाहिलं तेव्हा आणखी कळलं – त्या सिनेमात हिरोला बायकोच नाही. त्याला मारणाऱ्या मित्राची बहीण आहे, एक पिवळ्या केसांची पोर, पण आम्ही पाहिलेली बाई ती नव्हे. माझ्या ऑफिसातल्या एकाने त्याच टॉकीजला त्याच आठवड्यात सिनेमा पाहिलेला. त्याला विचारलं. "अरे, कसली कडी? कसली बायको?" दुसऱ्या सिनेमाचं रीळ चुकून लागलं असेल म्हणावं, तर माणूस तोच होता, तोच नट, खांद्यावर फाटलेला तोच सदरा.

मी घाबरलो. दादा ज्या गोष्टीवर इतकी वर्षं उभा होता ती गोष्टच नाही, हे त्याला कळलं तर? वहिनीला सांगितलं, कॅसेट मिळत नाही. ती भेटली की विचारायची. मी टोलवायचो.

एका रविवारी दुपारी जेवायला त्यांच्याकडे गेलेलो. दादा ओट्यावर जाळं सांधत होता. मला राहवेना. म्हटलं, "दादा, तो सिनेमा... त्यात ती बाई नाही रे."

त्याने सुईवरून नजर उचलली नाही. "मना म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"दुसरे दिशी मी परत गेलतू. एकलाच. म्हटला, नीट बगून येवं, कडी कशी लावतं ती. सगला पिच्चर बगितला. नव्हती."

"आणि तू इतकी वर्षं..."

"सबूद दिलाता ना मी, ओटीवर? पिच्चरनी थोडाच दिलाता?"

तेवढ्यात मागे वहिनी उभी दिसली, हातात कालवणाची वाटी. सगळं ऐकलं होतं तिने.

तिने वाटी माझ्यापुढे ठेवली. दादाकडे बघितलं. मग म्हणाली, "नाय ना ती बाय कनी? बरा झाला. मंग पयली मीच."

दादा हसला. मला म्हणाला, "जेव आता. गार व्हतं."

त्या दिवशी पडद्यावर आम्हाला काय दिसलं, का दिसलं, आम्हा दोघांनाच का – मला सांगता येत नाही. मानसशास्त्र शिकलेल्या एकाला विचारलं, तो म्हणाला भास. दोघांना सारखाच भास? फाटलेल्या सदऱ्यासकट? मागल्या खोलीचं दार दादाने नंतर बदललं. कडी मात्र जुनीच काढून नव्यावर बसवली, आणि ती बाहेरूनच आहे.