उनालिना आणि फुटलेलं तळं

उत्तर ध्रुवाकडच्या ओल्या माळावर, गवताच्या ढेकळांवरून निम्मी वाट सरली तेव्हा उनालिना एका उंचवट्यावर टेकली आणि मागून धापा टाकत येणाऱ्या डॉर्कसला म्हणाली, "ये बाई, ये. तुझ्याआधी तुझं पोटच पोचेल."

"मावशी, मला सातवा लागलाय आणि तू सत्तरीची. पाय घसरला तर कुणी कुणाला उचलायचं?"

"कुणी कुणाला नाही. दोघी इथेच बसू, रानफळं खात."

डॉर्कस तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. मावशीला एकटीला जाऊ द्यायचं नाही म्हणून गावातून होडीने सोबत आली होती. जायचं होतं मोठ्या तळ्याकडे, पण तळं आता उरलंच नव्हतं. समुद्र किनारा खात खात आत आला होता, त्यात काठाच्या मातीतला जुना बर्फ वितळला. बांध फुटावा तसा काठ फुटला आणि तीन दिवसांत सगळं पाणी समुद्राला मिळालं. शिकारीला गेलेल्यांनी येऊन सांगितलं, तळाशी काहीतरी पिवळं दिसतंय.

पिवळं म्हटल्यावर गावाला एकच गोष्ट आठवली. बावीस वर्षांपूर्वी, मे महिन्यात गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ मऊ पडत असताना, उनालिनाचा थोरला तुलिमाक भांडून पिवळ्या स्नोमोबाईलवर, बर्फावरच्या गाडीवर बसून गेला होता. गाव म्हणालं, तळ्याने गिळला. उनालिना म्हणाली, नाही, दक्षिणेला शहरात गेलाय. त्याच्या दर वाढदिवसाला ती गावच्या रेडिओवरून निरोप देई, "तुलिमाक, बरा आहेस ना? वेळेवर जेवतोस ना?" ऐकणारे हातातला कप खाली ठेवत. हसत कुणीच नसे.

नवऱ्याच्या मागे तिने लोकांचे लोकरी कोट शिवून दोन मुलगे वाढवले. रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून खणखणीत आवाजात गायली. कुणापुढे हात पसरला नाही. हट्ट एकच, तुलिमाकचं नाव तिने कुणाच्या बाळाला देऊ दिलं नाही. इथे गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात. नावाबरोबर ते माणूसच परत येतं, आणि गेलेल्याची आई त्या बाळाला 'माझा मुलगा' म्हणते. तिघीजणी नाव मागायला येऊन गेल्या. "जिवंत माणसाचं नाव कसं देऊ गं?" म्हणत उनालिनाने तिघींना चहा पाजून वाटेला लावलं. डॉर्कसने म्हणूनच विचारलं नव्हतं.

"तेलाचं पिंप असणार," उनालिना पुन्हा चालू लागली. "कुणी कुणी कुठे कुठे टाकलीत."

"असेल."

"असेल काय? आहेच."

काठावर पोचल्या तर समोर नुसता काळा चिखल. वरून वाळून भेगाळलेला, आत ओला. मेलेल्या माशांचा वास आणि वर पांढऱ्या पाखरांची झुंबड. पलीकडे पोटातल्या बर्फाने फुगून वर आलेली टेकडी, पिंगो, उभी होती. तीही कधीकाळी अशाच रिकाम्या झालेल्या तळ्यातून वर आलेली.

"इथेही येईल एखादी टेकडी," काहीतरी बोलायचं म्हणून डॉर्कस म्हणाली.

"येईल. तोवर तुझी नातवंडं म्हातारी होतील."

उनालिना काठावरून खाली उतरून त्या पिवळ्याकडे चिखलातून चालू लागली.

पिंप नव्हतं. तीच पिवळी गाडी होती, अर्धी चिखलात रुतलेली. मागे दोरीला बांधलेली घसरगाडी अजून तशीच. इंजिनावरच्या पत्र्याला बिस्किटांच्या डब्याचं झाकण ठोकून ठिगळ लावलेलं. त्या झाकणावरून उनालिनाने पोराला केवढं फैलावर घेतलं होतं. हाडं दिसली नाहीत. गाळ खोल होता. गाडीचं तोंड मात्र गावाकडे होतं.

"परत येत होता," उनालिना म्हणाली.

बुडताना गाडी कशीही फिरली असेल, हे डॉर्कसच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं आणि मनातल्या मनात प्रभूचं नाव घेतलं.

उनालिनाने हातमोजा काढून त्या ठिगळावरचा चिखल पुसला. लहान मुलाचं तोंड पुसावं तसा, कडेकडेने.

"बावीस वर्षं रेडिओवर बडबडले मी. देव ऐकत होता, आणि एका शब्दाने बोलला नाही मला."

"मावशी, बस जरा."

"दारातून निघाला तेव्हा मी म्हणाले, जा, पुन्हा तोंड दाखवू नकोस. कुणाला सांगितलं नाही आजवर. तुझ्या आईलासुद्धा नाही. शहरात असता तर राग धरून बसलाय म्हणाले असते. रागावलेला मुलगा चालला असता गं मला."

डॉर्कसने तिला धरलं. दोघींचे बूट घोट्यापर्यंत आत गेले होते. बऱ्याच वेळाने उनालिनाने तिच्या पोटावर चिखलाचा हात ठेवला.

"त्याचं नाव घे. मुलगी झाली तरी घे. फक्त एक कर माझ्यासाठी. जन्मलं की तू छातीशी घ्यायच्या आधी माझ्याकडे दे. फार वेळ नाही घेणार. ते शब्द मला परत घ्यायचेत."