कडूबा पाचचा सत्कार

गुलमंडीतल्या साडीच्या दुकानात अजिनाथ वीस वर्षं गादीवर बसून साड्या उलगडत आला होता. चाळीस साड्या बघून "बरं, पुन्हा येते" म्हणणाऱ्या बाईला तो हसून निरोप देई आणि चाळीस घड्या घालू लागे. रंगाची शंका आली तर स्वतःच म्हणे, "ताई, दिव्याखाली काय बघता? बाहेर उन्हात नेऊन बघा." मालकाला हे मुळीच आवडत नसे.

हीच चिकाटी त्यानं एका भलत्याच छंदात ओतली होती. पडेगावच्या दोन खोल्यांच्या घरात तो बुद्धिबळ खेळणारा संगणकाचा प्रोग्राम लिहीत असे. जाणकार त्याला इंजिन म्हणतात. बायको दिपाली त्याला 'तुमचं ते' म्हणायची.

पहिल्या इंजिनाचं नाव होतं वज्र. ते दहाव्या चालीला गोठून बसायचं. दुसरं दिग्विजय. त्यानं पहिल्याच डावात स्वतःचा वजीर फुकट दिला आणि मग मान टाकली. तेव्हा अजिनाथच्या आईनं, मंजुळाबाईनं तोड काढली. जन्म फर्दापूरकडच्या रानात मेंढरांमागं गेलेला, त्यामुळं जगवायचं कसं हे तिला ठाऊक.

"लेकरं टिकत नसली की नाव वंगाळ ठेवावं रं. कडूबा म्हन."

कडूबा टिकला. दर वर्षी त्याची नवी आवृत्ती निघू लागली, आणि यंदा कडूबा पाच तयार झाला.

नवा जुन्यापेक्षा खरंच हुशार आहे का, हे ठरवायला अजिनाथनं पाचला चारशी भिडवलं. दोघांना घड्याळ सारखं. डावाची सुरुवात सारखी, आणि तीच सुरुवात रंग बदलून पुन्हा, म्हणजे पांढऱ्याचा फायदा एकाच्याच पदरात पडायला नको. दोन्ही संगणकसुद्धा एकाच बनावटीचे, जुने घेतलेले. एवढा न्याय त्यानं सासू-सुनेच्या भांडणातही कधी केला नव्हता. टेबल एकच असल्यामुळं पाच बसला बाहेरच्या खोलीत कूलरसमोर, आणि चार स्वयंपाकघरात गॅसशेजारी धान्याच्या कोठीवर. मधे एक लांब वायर. सकाळी डाव लावून अजिनाथ दुकानाला जाई आणि संध्याकाळी निकाल बघे.

शंभर डावांत पाचनं पासष्ट गुण घेतले. अजिनाथ त्या दिवशी जेवताना दोनदा उगाच हसला.

ही बातमी बुद्धिबळ मित्रमंडळाच्या नानासाहेबांच्या कानावर गेली, तिथं घात झाला. आपल्याकडे सत्कार कर्तृत्वाची वाट बघत थांबत नाही. नानासाहेबांकडे दोन शाली पडून होत्या आणि माणूस मिळत नव्हता. रविवार ठरला. दुकानासमोरच्या चौकात फ्लेक्स लागला: 'कडूबा-५ चे जनक!' हनुवटीखाली हात घेतलेला अजिनाथ आणि मागं घोडा. बुद्धिबळातला नव्हे, वरातीतला.

मंडळापुढं पक्का आकडा सांगावा म्हणून अजिनाथनं शुक्रवारी आणखी शंभर डाव लावले. संध्याकाळी येऊन बघतो तर चारनं पाचला लोळवलं होतं.

"दृष्ट लागली," मंजुळाबाई म्हणाली. "फोटू कशाला लावायचा चौकात?"

"माय, कम्प्युटरला दृष्ट लागत नाय."

"तुझ्या डोक्याला तर लागती?"

तिनं मीठ-मिरच्या संगणकावरून ओवाळल्या आणि गॅसवर टाकल्या. घरभर ठसका उठला. खोकता खोकता अजिनाथनं आधारासाठी टेबलावरच्या संगणकावर हात टेकला आणि झटकन काढून घेतला. भाकरीचा तवा बरा, इतका तो तापला होता.

"कूलर कुठंय?"

"आम्ही दोघी कुरडयांचा चीक शिजवत होतो," दिपाली म्हणाली. "जीव नकोसा झाला, म्हणून आतल्या दारात ओढला. का?"

अजिनाथ स्वयंपाकघरात धावला. कोठीवरचा चार कूलरच्या झोतात माठासारखा गार बसला होता. मग त्याला लख्ख उमगलं. तापलेला संगणक जळू नये म्हणून आपणहून सावकाश चालतो, आणि सावकाश चालला की तेवढ्याच वेळात पुढच्या चाली कमी बघतो. आजवर जिंकत होता तो कूलर.

आता त्यानं दोघांना एकाच संगणकावर बसवलं. एकानं विचार करायचा तेव्हा दुसऱ्यानं गप्प राहायचं. शनिवारी निकाल आला: बरोबरी, आणि झुकलीच तर चारकडं.

"म्हणजे वर्षभर तुम्ही जे बनवलं," दिपाली शांतपणे म्हणाली, "ते कूलरवाल्यानं आधीच बनवलं होतं."

"व्हय."

"मग उद्याचं?"

अजिनाथ नानासाहेबांकडे गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते पोह्यांचा हिशोब लावत होते.

"अरे, किसको मालूम पडेगा? तीस माणसं येणार, त्यातली पंचवीस पोह्यांसाठी. तू शाल घे, हात जोड, बस."

"नाना, पाच चारपेक्षा भारी नाय."

"फ्लेक्सवर आहे ना भारी. झालं तर मग."

खरी अडचण अशी की नानासाहेबांचं म्हणणं चूक नव्हतं. कुणालाच कळलं नसतं. अजिनाथ चौकातून परत निघाला. दुकानाचे झगझगीत दिवे रस्त्यावर पडले होते. त्या दिव्यांखाली गादीवर फिकट साडीसुद्धा नवरीची दिसते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

रविवारी भर मे महिन्यात त्याच्या अंगावर लोकरी शाल पडली. घामानं निथळत तो उभा राहिला आणि म्हणाला, "कडूबा पाच काही सुधारलेला नाय. माझ्या तपासणीत खोट होती. जिंकला तो आमचा कूलर."

नानासाहेबांनी डोळे मिटले. मग पहिल्या रांगेतले निवृत्त तलाठी काकासाहेब खाकरले.

"कूलर गवताचा का जाळीचा?"

"गवताचा."

"मी म्हणत नव्हतो, गवताचाच खरा गार करतो?" काकासाहेब मागं वळून म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास सभेत कूलर, पंप आणि पाण्याच्या टाक्या यांवर इतकी अभ्यासपूर्ण चर्चा झाली की बुद्धिबळावर त्या मंडळात तशी कधी झाली नव्हती. शाल परत घ्यायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

सोमवारी सकाळी अजिनाथनं दुकानातली शिडी चौकात नेली आणि फ्लेक्सवरच्या पाचाच्या आकड्यावर ब्लाउजपीसमधून कापलेला चारचा आकडा टाचण्यांनी टोचला. नंतर दुकानात आलेल्या एका बाईला जांभळ्या साडीची शंका आली. तो स्वतः ती साडी घेऊन तिच्याबरोबर बाहेर उन्हात आला. बाईनं पदर उन्हात धरला, मग तिची नजर वर गेली.

"हे तुम्हीच का हो? लई मोठे दिसता की."

"व्हय, मीच," अजिनाथ म्हणाला. "पण तो फोटो दिव्याखालचा आहे, ताई. तुम्ही साडी बघा."