सुरया बाळंतपणाला आल्यात

नावेत बसलं की माणसाची जीभ सुटते. निजामाच्या राज्यात गोदेच्या आमच्या घाटावर दगडू भोई नाव चालवायचा, मी वल्हं मारायचो. किस्से तिथं गाळासारखे साचत गेले. ज्याला पटत न्हाई त्यानं नदी चालत ओलांडावी.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की मधोमध वाळूचं बेट उघडं पडायचं. त्यावर सुरया यायच्या. राखी पंख, काळी टोपी, पिवळी चोच. घरटं कसलं, वाळूत नुसता खळगा, त्यात अंडी. दगडूची बायको गजराबाई, तिला लेकरू न्हाई. ती म्हणायची, "माझ्या लेकी बाळंतपणाला आल्या." मग बेटावर पाय ठेवायची कुणाची टाप नव्हती.

दुपारी वाळू तव्यासारखी तापायची. सुरय पाण्याला पोट घासत जायची आन् ओलं पोट घेऊन अंड्यांवर बसायची. झळांत बेट तरंगत असल्यागत दिसायचं. आपण जागे हाय का झोपेत, कळायचं न्हाई. एकदा मी तसाच बघत राहिलो, नाव खडकावर गेली. दगडू म्हणाला, "उतर बे. तूबी पोट भिजव."

एका साली पाणी लई आटलं. बेट काठाला जुळायला आलं, कोल्हा चालत गेला असता. दगडू खोरं घेऊन वाळूत चर पाडायला लागला. चकलांब्याचा एक व्यापारी हसला, "काय बे दगड्या, नदी खणतोस?"

"न्हाई मालक. कोल्ह्याला पोहता येतं का बघतो."

मग आला तहसीलदार. हैदराबादचा, नवा, भला माणूस, मराठी तोडकी. बेटावर वारा गार, तंबू तिथंच लावा म्हणाला. शिपाई खुंट्या घेऊन नावेत चढले. गजराबाईचा चेहरा उतरला. दगडूनं हात जोडले, "हजूर, तिथं नगा. सुरया बाळंतपणाला आल्यात."

हजूर दचकले. "सुरय्या बेगम? जचगी? पैले कायकू नै बोले?"

शिपाई खाली उतरवले, बेटाकडं पाठ करून उभे केले. तंबू काठावर चिंचेखाली लागला. वर बाईमाणसाला आडोसा म्हणून एक कनात दिली. गजराबाईनं ती बेटाच्या कडेला रोवली.

पुढल्या उन्हाळ्यात हजूर परत आले. नावेत बसताच हळूच म्हणाले, "सुरय्याबी खैरियत से? बच्चा?"

"दोन झाली हजूर," गजराबाई म्हणाली. "दोन्हीबी उडून गेली."

हजूरांनी रुमाल डोळ्याला लावला. "अल्ला और देगा."

"देतोच की. औंदाबी आल्यात बाळंतपणाला. दर साली येतात."

हजूरांनी रुमाल खाली घेतला. म्हाताऱ्या दगडूकडं जरा वेळ बघितलं. मग शिपायाला म्हणाले, "कनात निकालो. बडी वाली."