तातेरावांचा तापणारा डबा

कुंभार पिंपळगावात अ‍ॅम्प्लिफायरला कुणी अ‍ॅम्प्लिफायर म्हणत नाही, डबा म्हणतात. आणि डबा म्हटला की तातेरावांनी घरी बनवलेलाच. पत्रा भंगारातला, ट्रान्झिस्टर जालन्याहून आणलेले, पण आवाज असा खणखणीत की कंपनीवाल्यांनी तोंडात बोटं घालावीत. ही सगळी करामत कानाची, असं ते स्वतःच सांगत. मीटर-बिटर नुसतं नावाला. कुणी आवाजात खोट काढलीच, तर "कान साफ करून ये, मंग बोल" म्हणून वाटेला लावत. माणूस तसा लाखातला, पण कानाच्या बाबतीत भलताच शिष्ट.

त्या दिवशी मात्र डब्यानं त्यांचा घाम काढला. संध्याकाळी विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू व्हायचं होतं, त्यासाठी नवा डबा न्यायचा होता, आणि हा पठ्ठ्या काही न वाजवताच तापत होता. माइकवर कुणी बोलत नाही, स्पीकर गप्प, तरी ट्रान्झिस्टरखालच्या अ‍ॅल्युमिनियमला बोट लावलं की चटका. तातेरावांनी ट्रान्झिस्टर बदलले, सोल्डरचे डाग पुन्हा मारले, पंखा लावून पाहिला. कान देऊन ऐकलं तर चिडीचूप. आवाजच नाही, तर एवढी ताकद जाते कुठं, हेच कळेना.

तेवढ्यात त्यांची बायको बेबीनंदा धुणं वाळत घालून आत आल्या. कपाळाला आठ्या.

"आवो, ती शिट्टी बंद करा की. डोकं उठलं माझं."

"कसली शिट्टी?"

"डब्यातली. लई बारीक हाये, दातात शिरून राह्यली."

तातेरावांना वाटलं, थट्टा चाललीय. इथं माणूस डोकं खाजवून बेजार आणि हिला मस्करी सुचते. "तोंड फिरव तिकडं," ते गुरकावले. बेबीनंदांनी पाठ फिरवली, तशी तातेरावांनी गुपचूप स्पीकरची वायर काढली.

"गेली," बेबीनंदा म्हणाल्या.

वायर जोडली. "आली."

मग वायरीशी नुसतीच खुडबुड केली, ती तशीच ठेवली. "हायेच की." काढली. "गेली."

एकदाही चुकल्या नाहीत. वायर जोडून तातेरावांनी थेट स्पीकरलाच कान टेकवला. काही नाही. भिंतीला कान लावल्यागत.

मग त्यांनी डब्यात डोकं घातलं. माइककडून येणारी वायर आणि स्पीकरकडे जाणारी वायर त्यांनीच एका जुडीत, प्लास्टिकच्या पट्टीनं आवळून बांधली होती. दिसायला देखणं, पण बाहेर जाणारा आवाज शेजारच्या वायरीतून परत आत शिरत होता, आणि डबा स्वतःशीच शिट्ट्या मारत तापत होता. त्यांनी पट्टी कापली, वायरी एकमेकींपासून लांब केल्या.

"आता?"

"न्हाई आता."

जरा वेळानं अ‍ॅल्युमिनियम निवलं. काम झालं होतं, तरी तातेरावांनी झाकण लावलं नाही.

"ही शिट्टी आधी कधी आल्ती का?"

"जयंतीपासून सगळ्याच डब्यांत येती. यात जरा जास्तीच होती."

एप्रिलातल्या त्या जयंतीच्याच वेळी त्यांनी पट्ट्यांचं पाकीट आणलं होतं. तेव्हापासून वाटूरला, परतूरला, कुठं कुठं डबे गेले होते. ते सगळे तिकडं शिट्ट्या मारत बसले असतील, या विचारानं त्यांना धरणी ठाव देईना.

"मंग सांगितलं का न्हाई मला?"

"मला वाटलं, तसंच असतंय," बेबीनंदा साध्या सुरात म्हणाल्या. "तुम्ही एवढे कानाचे. तुम्ही ठेवली म्हंजे ठेवायचीच असंल."

तातेरावांनी डब्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाले, "उद्या माझ्यासंगं चल. वाटूरपासून सुरू करू. तू ऐक, मी वायरी सोडवतो."

"आन लोकांनी विचारलं, बाईला कशाला आणलं, तर?"

तातेराव झाकणाचा स्क्रू पिळत होते.

"सांगून टाक," ते म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई म्हणून."